हार्ड डिस्कवरच्या अक्षता

आमच्या कॉम्प्युटरची दुसरी हार्ड डिस्क घरात आली ती नेमकी पितृपक्षात. त्यामुळे पहिले काही दिवस ती कपाटात, गोधड्यांच्या खाली पडून राहिली. बाबा अमरावतीत भिक्षुकी करायचे आणि पितृपक्षात नवी वस्तू वापरायला काढायची नाही हा त्यांचा नियम होता. मी म्हटलं, "बाबा, हा काही दागिना नाही. कॉम्प्युटरचा सुटा भाग आहे." ते म्हणाले, "सुटा आहे ना? मग सुटाच राहू दे."

मला चटकन राग येतो. त्या वयात तर जास्तच यायचा. मी दोन दिवस बाबांशी बोलले नाही, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. श्राद्धपक्ष म्हणजे त्यांचा कामाचा हंगाम. सकाळी निघायचे ते दुपारी वडे-खीर जेवून, सुस्तावून परत यायचे.

माझी घाई उगाच नव्हती. मी तेव्हा एका ज्युनिअर कॉलेजात तासिका तत्त्वावर वनस्पतिशास्त्र शिकवायची. पुण्याच्या एका संस्थेने मला एक काम दिलं होतं. घरचं बियाणं राखणाऱ्या म्हाताऱ्या बायका शोधायच्या, त्यांचं बोलणं टेप करायचं आणि ते सगळं दिवाळीनंतर पुण्याला द्यायचं. दीड वर्षात मी सदतीस बायका गाठल्या. परतवाड्यापासून मोझरीपर्यंत एस.टी.ने आणि काळी-पिवळी जीपने हिंडले. बोलणं कॅसेटवर घ्यायचं, घरी येऊन कॉम्प्युटरमध्ये उतरवायचं आणि तीच कॅसेट पुसून पुढच्या बाईसाठी वापरायची, असा माझा काटकसरीचा संसार होता. त्यात कॉम्प्युटर तुडुंब भरला. शेवटच्या चार बायकांना आत जागाच उरली नाही; त्या कॅसेटवरच राहिल्या. म्हणून ही दुसरी डिस्क.

तेव्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे आमच्याकडच्या गावांत फॉर्म घेऊन येणाऱ्यांची रीघ लागलेली असायची. दिल्लीचे यायचे, मुंबईचे यायचे, कॅमेरेवाले यायचे. सगळ्यांचे प्रश्न तेच. कोण गेलं, कसं गेलं, मागे कोण आहे. बायका उत्तरं देऊन देऊन विटल्या होत्या. चांदूर रेल्वेच्या पुढे एका गावात एक आजी होती. मी ओट्यावर टेकायच्या आतच तिने विचारलं, "तू कोनाची वं? सरकारची का टीव्हीची?"

मी म्हटलं, "कोणाचीच नाही आजी. दोडक्याचं बी कसं ठेवता, ते विचारायला आले."

ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. "दोन साल झाले, या ओट्यावर कोनं दोडक्याचं नाव नाई काढलं," म्हणाली. "सांगतो तुले. पन एकदाच सांगीन. तुमी लोक लेहून नेता, मंग दुसरा येते अन् तेच इचारते. पुन्हा कोनी इचारायले आलं तं मी कुत्रं सोडीन."

कुत्रं ओट्याखालीच झोपलं होतं. मी तिच्या गुडघ्याला हात लावून शब्द दिला की पुन्हा विचारायला येणार नाही. नंतर प्रत्येक घरात मी तोच शब्द देत गेले, आणि त्या शब्दावरच बायका मोकळ्या होत गेल्या. भोपळ्याचं बी शेणाच्या गोळ्यात दाबून भिंतीला थापायचं. चवळी राखेत ठेवायची. वाळकाचं बी कधी काढायचं, कोणत्या फळाचं काढायचं नाही. आजीने शेवटी बोट वर करून मला बजावलं होतं, "अन् बी कधी एका घरात ठेवू नोको. अर्धं आपल्या घरी, अर्धं दुसऱ्याच्या. उंदीर का इचारून येते?"

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी वहीत त्याच्याखाली लाल रेघ मारली. लाल रेघ मारणं आणि तसं वागणं यात किती अंतर असतं, ते मला लवकरच कळणार होतं.

डिस्क बसवायला अकोल्याहून चाचा येणार होते. चाचा म्हणजे माझ्या मामाच्या शेजारचे. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही आणि शेवटी कॉम्प्युटर. आमचा कॉम्प्युटर त्यांनीच जोडून दिला होता. अमरावतीत दुकानांची काही कमी नव्हती, पण बाबांचा विश्वास फक्त चाचांवर. ते चाचांना उस्ताद म्हणायचे आणि चाचा त्यांना महाराज. घटस्थापना झाली तसं बाबांनी पंचांग काढलं आणि ललिता पंचमीला सकाळी साडेदहाचा मुहूर्त दिला.

मी कपाळावर हात मारला. त्या वर्षी आमच्या भागात सकाळी नऊ ते एक लाइट जायची. मुहूर्त बरोबर लोडशेडिंगच्या मध्यावर. मी अकोल्याला फोन करून चाचांना म्हटलं, "आता तुम्हीच बाबांना समजावा." पलीकडून चाचांचं हसू ऐकू आलं. "कायले समजावू बेटा? कॉम्प्युटरची पेटी खोलाची तं लाइट नाईच पायजे. महाराजांनं एकदम बरोबर टाइम काढला." हे बाबांना कळल्यावर दिवसभर त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता.

त्या वर्षी नवरात्र आणि रमजान बरोबर आले होते. त्यामुळे पंचमीला साडेदहा वाजता कॉम्प्युटरच्या एका बाजूला नवरात्राच्या उपासाचे बाबा आणि दुसऱ्या बाजूला रोज्याचे चाचा. आई पार गोंधळून गेली. कारागीर घरात आणि त्याला साधा चहा देता येत नाही, हे तिच्या आयुष्यात प्रथमच घडत होतं. बाबांना उपासाचा चहा चालायचा, पण त्यांनी तो घेतला नाही. "उस्तादांसमोर नको," एवढंच म्हणाले.

चाचांनी पेटीची बाजू काढली. आत जमलेली धूळ पाहून मला लाज वाटली. त्यांनी नवी डिस्क जुनीच्या खालच्या खणात सरकवली, चार स्क्रू आवळले आणि बाबांना समजावून सांगितलं, "हे पाहा महाराज, दोघायले एकच पट्टी. वरचा थोरला, खालचा धाकटा. ही इवलीशी टोपी हाय ना, ते सांगते कोन थोरला अन् कोन धाकटा. नाई सांगितलं तं दोघंई भांडत बसतात, काम नाई करत. अन् ही चार भोकाची पिन, याच्यातून करंट येते."

बाबांनी मान डोलावली. "आमच्या दोन काकांचं असंच होतं," म्हणाले.

एक वाजता लाइट आली आणि पडद्यावर नवी डिस्क दिसली. केवढी जागा! चाचा जाताना सांगून गेले की पेटीची बाजू उघडीच राहू द्या, आपल्याकडच्या ऑक्टोबरच्या उन्हात आतलं सामान तापतं. आमच्या ओळखीत सगळ्यांच्याच पेट्या उघड्या असायच्या, समोर टेबलफॅन लावलेला.

त्या संध्याकाळी मी सदतीस बायकांना नव्या जागेत नेलं; शेवटच्या चौघींच्या कॅसेटही उतरवून लगेच पुसून टाकल्या. इथे मला माझा मूर्खपणा सांगितलाच पाहिजे. आम्ही भाड्याच्या घरांत वाढलेली माणसं. बाबांच्या पायी पाच घरं बदलली. आईचा दंडक असा की घर सोडताना मागे केरसुणीची काडीसुद्धा ठेवायची नाही. घरमालकाने म्हटलं पाहिजे, की असे भाडेकरू पुन्हा मिळणार नाहीत. मीही तेच केलं. कॉपी केलं असतं तर इथेही पसारा आणि तिथेही पसारा. मी सरळ कट केलं आणि पेस्ट केलं. जुनी डिस्क आवाजांपुरती स्वच्छ, रिकामी. मी खूश होऊन आईला म्हटलं, "बघ, काडीसुद्धा ठेवली नाही."

मग आली खंडेनवमी.

त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची पूजा होते. आईची विळी, शिलाई मशीन, बाबांची सायकल, पोथ्या. कॉम्प्युटर आल्यापासून त्याचीही व्हायची, पण एरवी बंद पेटीवर स्वस्तिक काढून भागायचं. या वर्षी पेटी उघडी होती. बाबांनी विचार केला, की देवळाचा दरवाजा उघडा असताना बाहेरून कशाला हात जोडायचे? हे त्यांनी नंतर मला अगदी याच शब्दांत सांगितलं. मी कॉलेजात गेले होते. त्यांनी पेटीच्या आत दोन्ही डिस्कना कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या आणि आतल्या वायरींवर झेंडूची भरगच्च माळ अडकवली. निदान माझी वाट पाहायची होती, असं मला आजही वाटतं.

मी घरी आले तेव्हा माळ पाहून चिडले, ती काढून टाकली आणि कॉम्प्युटर लावला. पडदा नेहमीसारखा उजळला. नवी डिस्क मात्र दिसेना. मी बंद केला, पुन्हा लावला. नाही. तिसऱ्यांदा लावला. तरी नाही.

पुण्याचं काम गेलं तर गेलं, पुण्याच्या संस्थेतल्या बाई ओरडल्या असत्या, दुसऱ्या कोणाला काम दिलं असतं. पण मी सदतीस बायकांना शब्द दिला होता की पुन्हा विचारायला येणार नाही. आता कोणत्या तोंडाने जाणार होते? त्या ओट्यावर उभी राहून काय सांगणार होते, की आजी, तुमचं बोलणं हरवलं, पुन्हा एकदा सांगा? मग माझ्यात आणि त्या फॉर्मवाल्यांत फरक तो काय राहिला? फॉर्मवाल्यांनी निदान लिहून तरी घेतलं होतं.

मी बाबांना खूप बोलले. काय बोलले ते आठवतं, पण लिहवत नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि सोवळं सोडून ते अंगणात जाऊन बसले. आई मध्ये पडली नाही, हेही मला विचित्र वाटलं. एरवी ती पडतेच.

चाचांना फोन केला. ते म्हणाले, "हात लावू नोको. कायलेच हात लावू नोको. दसरा होऊ दे, परवा येतो." ते दोन दिवस मी वही घेऊन बसून होते. वहीत फक्त नावं, गावं आणि कुठे कुठे एखादं वाक्य. लाल रेघेचं पान उघडलं की मी ते लगेच मिटायची. दसऱ्याला बाबा सोनं द्यायला माझ्यासमोर आले. आपट्याचं पान हातात धरून उभे राहिले आणि म्हणाले, "माझं चुकलं गं." बाबांनी मला असं कधीच म्हटलं नव्हतं. मी पान घेतलं, पण मान वर केली नाही. त्याची खंत मला अजून आहे.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चाचा आले. मुहूर्त कोणी काढला नव्हता. त्यांनी लाइटचं बटण बंद केलं, पेटी उचलली आणि जमिनीवर आडवी केली. आतून मूठभर तांदूळ खळखळत बाहेर आले. चाचांनी ते पाहिले, बाबांकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "महाराज, खिचडी लावाची होती का?"

कोणी हसलं नाही. चाचांनी एकेक वायर तपासली. मग नव्या डिस्कची ती चार भोकांची पिन उपसली, उजेडाकडे धरली आणि आईला म्हणाले, "भाभी, एक सुई द्या."

आईने सुई दिली आणि तिथेच भिंतीला टेकली. चाचांनी पिनेच्या एका भोकातून हळूच काहीतरी काढून तळहातावर ठेवलं. तांदळाचा अर्धा दाणा होता, कुंकवाने लाल झालेला.

"ही पिन कोनं काढली होती?" चाचांनी विचारलं.

बाबा म्हणाले, "मी नाही. मी फक्त माळ घातली."

"काढली कोणीच नव्हती," आई म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "माळेच्या ओझ्याने आपोआप निसटली. ही यायच्या आधी मीच परत खोचली. जाईना, म्हणून जरा जोर लावला. मला वाटलं, हिला कळलं तर ही यांना बोलेल."

म्हणजे बाबांना बोलणी बसू नयेत म्हणून आईने जे केलं, त्यामुळेच बाबांना बोलणी बसली होती, आणि ती दोन दिवस गप्प बसून ते बघत होती. मला हसावं की रडावं कळेना. शेवटी दोन्ही झालं. बाबा आईकडे बघून म्हणाले, "तू जोर लावलास?" आणि मग तेच हसायला लागले. चाचांनी पिन साफ करून नीट बसवली. लाइट यायला अजून वेळ होता. आम्ही चौघं त्या उघड्या पेटीभोवती तासभर बसून राहिलो. एक वाजता लाइट आली, आणि पडद्यावर डिस्क दिसली. मी पहिल्यांदा त्या आजीचाच आवाज लावला. "तू कोनाची वं?" असं ती खणखणीत म्हणाली, आणि मी पुन्हा रडले.

आजीचं बोलणं शेवटपर्यंत चाललं. उंदराचं वाक्य आलं तसं चाचांनी विचारलं, "मंग तू दुसरं कुठी ठेवलं होतं?"

मी खाली मान घालून सांगितलं की कुठेच नाही.

त्यांनी लगेच जुन्या डिस्कवरचं फालतू सामान पुसून सगळं तिच्यावर परत उतरवायला लावलं. मी म्हटलं, "आता झालं ना दोन ठिकाणी?" ते म्हणाले, "एकाच पेटीत दोन खण, अन् तू त्याले दोन घरं म्हणतं? उद्या पेटीच जळाली तं? ईद झाली का घेऊन ये अकोल्याले. माह्या घरी ठेव."

त्या वर्षी भाऊबीज आणि ईद लागूनच आल्या. भाऊबिजेला मामाकडे जायचंच होतं. ईदच्या दुसऱ्या दिवशी मी चाचांकडे गेले. नवी डिस्क आईच्या जुन्या सुती साडीत गुंडाळून पोळ्यांच्या डब्यात ठेवली होती. येताना बसमध्ये मूर्तिजापूरला शेजारच्या बाईने डब्यात काय म्हणून विचारलं होतं, तर मी सांगितलं, बियाणं. ती म्हणाली, "मंग मांडीवर घ्या, खाली नोको ठेवू." मी अकोल्यापर्यंत मांडीवर घेतलं.

चाचांचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मध्ये एक पडदा. मला शीरखुर्म्याची वाटी देऊन चाचांनी डिस्क आपल्या कॉम्प्युटरला जोडली, सगळे आवाज त्यात उतरवले, आणि बरोबर उतरले की नाही ते पाहायला मधूनच एक आवाज लावला. नेमकी तीच दोडक्याची आजी निघाली, चवळी राखेत ठेवण्याचं सांगणारी.

"कोनची राख?" पडद्याआडून कोणीतरी विचारलं.

चाचा म्हणाले, "अम्मी, टेप हाय ते. ते तुले नाई सांगणार."

पडदा बाजूला झाला आणि चाचांची आई बाहेर आली. वाळलेली, ठेंगणी, डोक्यावर पांढरी ओढणी. ती अकोटकडच्या एका कास्तकाराची, म्हणजे शेतकऱ्याची, मुलगी होती, हे मला तोवर माहीत नव्हतं. ती कॉम्प्युटरसमोर स्टूल ओढून बसली आणि आजीला उद्देशूनच बोलायला लागली. "अवं, राख कोनची ते सांग ना. चुलीतली गरम राख टाकशीन तं बी भाजून जाईन. आमी तं कडूनिंबाचा पाला सुकवून त्याच्यात मिसळत होतो." आजी आपलं बोलतच होती आणि अम्मी तिला मध्ये मध्ये अडवत होती. माझ्या सदतीस बायकांपैकी कोणीच पाल्याचं सांगितलं नव्हतं.

मी चाचांकडे पाहिलं. त्यांनी एक माइक जोडून अम्मीच्या समोर ठेवला. अम्मी तासभर बोलली, अर्धं वऱ्हाडीत आणि अर्धं उर्दूत. मला एकदाही प्रश्न विचारावा लागला नाही. ती अडतिसावी.

बोलणं झाल्यावर ती आत गेली आणि ओढणीच्या फाटक्या तुकड्यात बांधलेली एक पुरचुंडी घेऊन आली. माहेरच्या चवळीचं बी होतं. गाठ सोडून तिने चटईवर दोन ढीग केले. एक स्वतःकडे ओढला आणि दुसरा माझ्या रिकाम्या पोळ्यांच्या डब्यात घातला.

मी तिच्या पाया पडले आणि दीड वर्षाच्या सवयीने तोंडातून निघून गेलं, "अम्मी, मी शब्द देते, पुन्हा तुम्हाला विचारायला येणार नाही."

अम्मीचा चेहरा एकदम बदलला. ती चाचांकडे वळून म्हणाली, "काय म्हणते ही? येत नाई म्हणते?" मग माझ्याकडे बघून, चांगलीच रागावून, म्हणाली, "मंग माह्या अर्ध्या बियाचं काय? माह्या घरातलं उंदरानं खाल्लं तं मी कोनाले मागू? पुढच्या साली पेरजो, अन् घेऊन येजो. काहून नाई येत, पाहतो मी."

मी म्हटलं, येते. परतीच्या बसमध्ये डिस्क आणि डबा दोन्ही मांडीवरच होते. घरी आल्यावर मी बाबांना चवळीचे थोडे दाणे दिले आणि त्यांनी ते अंगणात पेरले, मुहूर्त पाहून, अक्षता न वाहता.